सभागृहातून कचेरीत : दिवाणबहादूर लठ्ठे

आपल्या सीमाभागात निवडणूक संपली की लोक दोन याद्यांची वाट पाहतात. पहिली मंत्र्यांची आणि दुसरी निगम-मंडळांच्या अध्यक्षांची. पहिल्या यादीत ज्यांचे नाव बसत नाही त्यांची समजूत दुसऱ्या यादीत घातली जाते, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. कालपर्यंत सभागृहात उभे राहून सरकारला जाब विचारणारा माणूस उद्यापासून कचेरीत बसतो. दारावर पाटी लागते, फाइल समोर येते आणि जाब आता त्यालाच द्यावा लागतो, किंवा द्यावा लागत नाही. लोकप्रतिनिधीचा कारभारी झाला म्हणजे त्या माणसाचे काय होते, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे. त्याचे उत्तर शोधताना मी नेहमी एका नावापाशी येऊन थांबतो. ते नाव म्हणजे दिवाणबहादूर अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे.

मी राहतो ते रायापूर हुबळी आणि धारवाड यांच्या मधल्या रस्त्यावरचे. १९६२ साली दोन्ही शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली आणि २०१४ पासून हुबळीचे सरकारी नाव हुबळ्ळी झाले. पण शंभर वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यातला होता. धारवाड, बेळगाव, विजापूर आणि कारवार हे जिल्हे कोकणाबरोबर इलाख्याच्या दक्षिण विभागात मोडत. १९२१ साली दिल्लीत नव्या पद्धतीची मध्यवर्ती कायदेसभा भरली, तेव्हा या दक्षिण विभागाचे प्रतिनिधी म्हणून लठ्ठे तिथे बसले होते. म्हणजे आमच्या या रस्त्याचा दिल्लीतला आवाज, मोजक्या मतदारांच्या मतावर का असेना, तीन वर्षे त्यांच्या गळ्यातून निघत होता. आज रायापुरात हे कोणाला सांगितले तर तो चमकून पाहतो. आमच्याकडच्या मराठी घरांत ‘लठ्ठे’ म्हटले की सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी तेवढी आठवते, आणि कन्नड घरांत बहुधा तेवढेही नाही.

लठ्ठे यांचा जन्म ९ डिसेंबर १८७८ चा, कुरुंदवाडचा. कृष्णा आणि पंचगंगा जिथे भेटतात त्या टोकावरचे हे पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव. त्या पट्ट्यात भाषांची सरमिसळ आपल्याकडच्यासारखीच आहे. अनेक जैन घरांत चुलीपाशी कन्नड आणि शाळेत मराठी असा व्यवहार तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली झाली ती निपाणीजवळच्या स्तवनिधीला, म्हणजे आजच्या कर्नाटकात. सभेच्या नावात महाराष्ट्र आणि जन्मगाव बेळगाव जिल्ह्यात! त्या काळी यात कोणाला काही विसंगत वाटले नाही. या सभेच्या पहिल्या फळीत तरुण लठ्ठे होते. पुढे एम. ए., एलएल. बी. होऊन त्यांनी १९०५ साली जैन धर्माची ओळख करून देणारे एक इंग्रजी पुस्तक लिहिले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन केले. शाहू महाराजांच्या दरबारात शिक्षण खात्याचा कारभारही त्यांच्याकडे आला.

कोल्हापुरात त्या वेळी जातवार वसतिगृहांची पद्धत होती. मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग अशा संस्था १९०१ पासून निघत गेल्या आणि खेड्यातून आलेल्या पोरांना पाठ टेकायला जागा मिळाली. जैन बोर्डिंगची देखरेख लठ्ठे यांच्याकडे होती. तिथे कुंभोजचा एक उंचापुरा, हट्टी विद्यार्थी राहत असे. त्याचे नाव भाऊराव पाटील, म्हणजे पुढचे कर्मवीर.

१९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर अंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात पाऊल टाकायचे नाही, असा बोर्डिंगचा दंडक होता. भाऊरावांनी अंघोळ करायला साफ नकार दिला. लठ्ठे यांच्यापुढे तेव्हा दोन गोष्टी होत्या. एका बाजूला स्वतःची सुधारकी मते आणि दुसऱ्या बाजूला बोर्डिंगचा नियम. त्यांनी नियम धरला आणि भाऊरावांना बोर्डिंगबाहेर काढले.

ही गोष्ट लठ्ठे यांच्या चरित्रात मला फार महत्त्वाची वाटते. त्यांना कमी लेखण्यासाठी मी ती सांगत नाही. त्यांच्या हातात कारभार आला तेव्हाची ही अगदी सुरुवातीची परीक्षा होती, आणि तिचा निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही. देणगीदार काय म्हणतील, समाज पोरे पाठवील की नाही, संस्था टिकेल की नाही, हे सगळे विचार अधीक्षकाच्या डोक्यात असतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत. पण बाहेर काढल्या जाणाऱ्या पोराला ते विचार पोटाला पुरत नाहीत, हेही तितकेच खरे.

सहा वर्षांनी याच दोघांची गाठ वेगळ्या तऱ्हेने पडली. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले. संस्थानावर इंग्रजी रेसिडेन्सीची नजर असताना असा प्रकार म्हणजे दरबाराच्या दृष्टीने आगीशी खेळ. संशय लठ्ठे यांच्यावर आला. त्यांच्याविरुद्ध साक्ष हवी होती आणि ती भाऊरावांकडून मिळवण्याचा प्रयत्न झाला. ज्या माणसाने आपल्याला वसतिगृहातून काढले, त्याच्यावर सूड उगवण्याची याहून सोपी संधी कोणती? भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला नकार दिला. त्यांचा छळ इतका झाला की त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. ते वाचले आणि १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांत कोणत्या जातीच्या पोराने कोणाच्या पंगतीला बसावे हा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही. जैन बोर्डिंगच्या दारात १९०८ साली जे घडले, त्याला त्यांनी दिलेले हे उत्तर होते असे मी मानतो.

लठ्ठे यांनी कोल्हापूर सोडले आणि बेळगावला येऊन वकिली मांडली. दरबारची मर्जी गेली की संस्थानी माणसाने ब्रिटिश हद्दीत यायचे, हा त्या काळचा राजमार्गच होता. बेळगाव त्यासाठी सोयीचे. मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत पक्षकार मिळत आणि कोल्हापूरही फार लांब नव्हते.

इथून त्यांच्या आयुष्याचा दुसरा खंड सुरू होतो. १९१७ पासून ब्राह्मणेतर चळवळ जोरात होती. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा येणार आणि कौन्सिलात जागा वाढणार हे दिसत होते, आणि या जागांवर केवळ शिकलेल्या मूठभर जातींचीच माणसे बसतील ही भीती होती. शाहू महाराजांनाही हीच चिंता होती. जुना दुरावा मागे पडला आणि लठ्ठे पुन्हा महाराजांच्या राजकारणात वावरू लागले. ‘डेक्कन रयत’ या इंग्रजी साप्ताहिकाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. आपल्या हुबळीतही त्या वाऱ्याची झुळूक आली होती. २७ जुलै १९२० रोजी इथे कर्नाटक ब्राह्मणेतर परिषद भरली आणि तिचे अध्यक्षस्थान शाहू महाराजांनी भूषविले. कोल्हापूरचा मराठी छत्रपती हुबळीच्या लिंगायत, जैन आणि इतर मंडळींपुढे उभा राहतो, आणि भाषेचा प्रश्न मध्ये येत नाही, हे दृश्य आज डोळ्यांपुढे आणायला थोडा प्रयास पडतो.

त्यानंतर झालेल्या निवडणुकीतून लठ्ठे दिल्लीला गेले. त्या कायदेसभेची घडण समजून घेतली पाहिजे. एकूण १४५ सभासद, त्यांपैकी शंभरावर निवडून आलेले, बाकीचे सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले. मताचा हक्क ठरावीक कर भरणाऱ्यांनाच. प्रश्न विचारता येत, ठराव मांडता येत, अर्थसंकल्पाच्या काही मागण्यांवर मत देता येई. पण शेवटचा शब्द व्हाइसरॉयचा. १९२३ साली याचा कडू अनुभव आला. सरकारने मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचे ठरवले. कायदेसभेने ते नाकारले. लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेष अधिकाराने ती वाढ मंजूर केली आणि विषय संपला. निवडून आलेल्या सभेने नाही म्हटले आणि एका सहीने हो झाले.

अशा सभागृहात तीन वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळत असणार. जाब विचारण्याचे समाधान वेगळे आणि सही करण्याचा अधिकार वेगळा. १९२३ च्या निवडणुकीनंतर या विभागातून बेळगावचेच दत्तोपंत बेळवी दिल्लीला गेले आणि लठ्ठे पुन्हा लेखणीकडे वळले.

१९२४ साली त्यांचे मोठे काम प्रसिद्ध झाले. हे शाहू महाराजांचे दोन खंडांतले इंग्रजी चरित्र होय. पाठोपाठ मराठी चरित्रही आले. महाराज ६ मे १९२२ रोजी वारले होते. वेदोक्ताचा वाद, १९०२ सालचा पन्नास टक्के जागांचा हुकूम आणि १९१७ सालचा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय या सगळ्यांचा एकत्र वृत्तान्त वाचकांपुढे आला तो प्रथम लठ्ठे यांच्यामुळे. पुढच्या प्रत्येक शाहू-चरित्रकाराला या दोन खंडांच्या दारातून जावे लागले. ज्या राजाच्या राज्यातून संशय अंगावर घेऊन बाहेर पडावे लागले, त्याच राजाचे चरित्र इतक्या तपशिलाने लिहायला बसणे ही साधी गोष्ट नव्हे. स्वतःचा अपमान बाजूला ठेवून दुसऱ्याचे काम मोजता येणे हा कारभाऱ्याला लागणारा मोठा गुण आहे, आणि तो त्यांच्यात होता असे मला हे खंड पाहून वाटते.

मग १९२६ च्या सुमारास तो दिवस आला. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत लठ्ठे कोल्हापूरचे दिवाण झाले. शाहू महाराजांच्या जवळजवळ सबंध कारकिर्दीत रघुनाथराव सबनीस यांनी ज्या खुर्चीवरून कारभार पाहिला, त्या खुर्चीवर बारा वर्षांपूर्वी शहर सोडून गेलेला वकील येऊन बसला. पाचएक वर्षे त्यांनी ही दिवाणगिरी केली.

संस्थानी दिवाण म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. तो एकाच वेळी मुख्यमंत्री, मुख्य सचिव आणि दरबारचा वकील असे. वर महाराज, बाजूला इंग्रजांचा रेसिडेंट आणि खाली मामलेदारांपासून कुलकर्ण्यांपर्यंतची उतरंड. कोल्हापूरला शिवाय जहागीरदारांचा गोतावळा होता. विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी, तोरगल. प्रत्येकाचे हक्क वेगळे, प्रत्येकाची कुरबूर वेगळी. यांतले तोरगल मलप्रभेच्या खोऱ्यात, आजच्या बेळगावी जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात. रायबाग आणि कटकोळ हे भागही कोल्हापूरचेच, आणि तिथला रयत कन्नड बोलणारा. म्हणजे कोल्हापूरच्या मराठी दफ्तरातून निघालेला हुकूम कन्नड चावडीवर वाचला जाई. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि पुढे रायबाग बेळगाव जिल्ह्यात गेले. पण लठ्ठे दिवाण असताना दोन भाषांच्या रयतेचा कारभार एका टेबलावरून पाहणे हे नित्याचे काम होते. त्यासाठी कुरुंदवाडात जन्मून बेळगावात वकिली केलेल्या माणसाइतका लायक दुसरा कोण मिळाला असता?

इथेच या कारकिर्दीतली खरी अडचण सुरू होते. दिल्लीच्या सभागृहात लठ्ठे निदान प्रश्न तरी विचारू शकत होते. कोल्हापुरात दिवाणाला प्रश्न विचारील असे, लोकांनी निवडून दिलेले विधिमंडळच नव्हते. राजा चांगला असला तर प्रजेचे नशीब आणि दिवाण सज्जन असला तर अर्जदाराचे नशीब! लोकप्रतिनिधित्वाची मागणी करीत सार्वजनिक जीवनात पुढे आलेला माणूस आता अशा राज्याचा कारभार पाहत होता, जिथे प्रतिनिधीला जागाच नव्हती. देशी संस्थानांचे पुढे काय व्हावे हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता हे उघड आहे, कारण १९३० साली त्यांनी त्याच विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पण पुस्तक लिहिणे आणि राज्याची घडी बदलणे यांत अंतर असते. ते अंतर दिवाणाच्या हाताने मिटत नाही. ते प्रजेलाच चालून जावे लागते.

कोल्हापूरच्या प्रजेने ते पाऊल फेब्रुवारी १९३९ मध्ये उचलले. जयसिंगपूरला प्रजा परिषद भरली. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार ही मंडळी पुढे आली आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी सुरू झाली. जयसिंगपूर कुरुंदवाडपासून हाकेच्या अंतरावर म्हणावे असे. त्या वेळी लठ्ठे मात्र मुंबईत होते, आणि तेही चक्क काँग्रेसच्या मंत्रिमंडळात. हे कसे झाले ते सांगण्याआधी त्यांच्या दोन समकालीनांकडे पाहू, म्हणजे लठ्ठे यांची वाट किती वेगळी होती ते कळेल.

भास्करराव जाधव उलट्या दिशेने गेले. त्यांची आधीची सारी उमेद कोल्हापूर दरबारच्या नोकरीत गेली. कारभारात मुरल्यावर ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात आले आणि द्विदल राज्यपद्धतीत आधी शिक्षणमंत्री, मग शेतीमंत्री झाले. त्यानंतर मध्यवर्ती कायदेसभेतही बसले. दुसरे आपल्या हुबळीचे सर सिद्धप्पा कंबळी. वकिली, मुंबईचे कौन्सिल आणि १९३० नंतर मंत्रिपद अशी त्यांची सरळ चढण. १९३७ साली निवडणुका जिंकूनही काँग्रेसने सुरुवातीला अधिकार घ्यायला नकार दिला, तेव्हा साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांनी १ एप्रिलपासून साडेतीन महिने हंगामी मंत्रिमंडळ चालवले. त्यात कंबळी मंत्री होते. सभागृहात बहुमत नाही आणि हातात कारभार आहे, अशी ती अवघड खुर्ची. लोकांच्या मतावर निवडून येणे आणि लोकांच्या मताविरुद्ध खुर्चीत बसणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकतात, हे आमच्या गावाने या निमित्ताने पाहिले.

१९ जुलै १९३७ रोजी कूपर गेले आणि बाळासाहेब खेर मुख्य प्रधान झाले. अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे. सात जणांचे ते मंत्रिमंडळ. कन्हैयालाल मुनशी, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर, नूरी, लक्ष्मण माधव पाटील हे बाकीचे सहकारी. ब्राह्मणेतर पक्षातून आलेला, सरकारकडून दिवाणबहादूर ही पदवी मिळालेला माणूस खादीधाऱ्यांच्या पंक्तीला बसला, याचे त्या वेळी अनेकांना नवल वाटले असणार. पण १९३० नंतर या चळवळीतली बरीच मंडळी काँग्रेसकडे वळली होती. शेतकऱ्याचे कर्ज, कुळाचा हक्क आणि सारा हे प्रश्न आता स्वराज्याच्या प्रश्नाला येऊन मिळाले होते. काँग्रेसच्या मंत्र्याने महिना पाचशे रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही हा कराची अधिवेशनापासूनचा नियम. दिवाणगिरीचा थाट अनुभवलेल्या माणसाला तो मान्य करावा लागला.

आता मात्र प्रश्न विचारणारे समोर होते. १७५ सभासदांची विधानसभा, तिच्यात डॉ. आंबेडकर आणि जमनादास मेहता यांच्यासारखे विरोधक, आणि बाहेर वर्तमानपत्रे. अर्थमंत्र्याला दर आकड्याचा हिशेब द्यावा लागे. सगळ्यांत अवघड हिशेब दारूबंदीचा होता. इलाख्याच्या महसुलात अबकारीचा वाटा फार मोठा होता. दारू बंद करायची तर ती रक्कम आणायची कुठून? शेतसारा वाढवला तर आपल्या धारवाड-बेळगावचा शेतकरी भरडला जाणार. लठ्ठे यांच्या खात्याने वेगळा मार्ग काढला. शहरातल्या घरांच्या आणि इमारतींच्या भाड्याच्या किमतीवर दहा टक्क्यांपर्यंत कर बसवायचा. मुंबईच्या मालमत्तावाल्यांनी मोठा गहजब केला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने कर कायदेशीर ठरवला. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली.

दारूबंदी यशस्वी झाली की नाही हा वेगळा वाद आहे, आणि अनुभव असा की ती फारशी टिकली नाही. माझे लक्ष आहे ते या कराकडे. खेड्यातल्या माणसाच्या घरातली दारू सोडवायची आणि तिची किंमत शहरातल्या घरमालकाने द्यायची, हा निर्णय कोणाच्या बाजूने होता हे सांगायला नको. तो घेणारा माणूस सभेत उभा राहून त्याचे समर्थन करीत होता, शिव्या खात होता, आणि न्यायालयातही सरकारला उत्तर द्यावे लागत होते. दिवाणगिरीत हे काहीच करावे लागले नव्हते. याच मंत्रिमंडळाने सत्याग्रहात जप्त झालेल्या जमिनी मूळ मालकांना परत देण्याचा कायदा १९३८ साली केला आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी १९३९ साली कायदा केला. युद्धाच्या प्रश्नावर ४ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांनी राजीनामा दिला. सव्वादोन वर्षांचा खेळ. पण मला विचाराल तर लठ्ठे यांच्या तिन्ही खुर्च्यांत ही सर्वांत अस्थिर खुर्चीच त्यांची सर्वांत मोलाची खुर्ची ठरली.

१६ मे १९५० रोजी अण्णासाहेब लठ्ठे गेले. कोल्हापूरचे विलीनीकरण त्यांनी पाहिले. १९५६ ची राज्य पुनर्रचना पाहायला ते राहिले नाहीत. त्या वर्षी त्यांचे बेळगाव आणि आपले धारवाड म्हैसूर राज्यात गेले, कुरुंदवाड महाराष्ट्राच्या वाटेला लागले. त्यांच्या आयुष्याची गावे दोन राज्यांत वाटली गेली. तेव्हापासून आपण सगळे एका वादात जगतो आहोत. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयातही आहे. त्या वादाचा निकाल द्यायला मी बसलेलो नाही. पण त्या वादाने एक नुकसान केले ते आपल्या पिढीला दिसत नाही. ज्या माणसांना सरहद्दीच्या दोन्ही बाजू आपल्या वाटत होत्या, त्यांना आठवायला आता कोणतीच बाजू पुढे येत नाही. महाराष्ट्रात लठ्ठे म्हणजे शाहूकालाची एक तळटीप आणि कर्नाटकात ते कोल्हापूरवाले. आपल्या मुलांना घरात मराठी आणि दारात कन्नड बोलताना संकोच वाटू नये असे आपल्याला वाटत असेल, तर अशी माणसे त्यांना सांगितली पाहिजेत. गुणांसकट आणि १९०८ च्या त्या अंघोळीसकट.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. लोकप्रतिनिधीचा कारभारी झाला की त्याचे काय होते? लठ्ठे यांचे आयुष्य पाहून मी इतकेच म्हणेन की ते एकट्या त्या माणसावर ठरत नाही. तोच माणूस बोर्डिंगचा अधीक्षक असताना नियमापुढे वाकला, कारण त्याला विचारणारे फक्त देणगीदार होते. तोच दिवाण असताना चांगला कारभार पाहूनही रयतेला मताचा हक्क देऊ शकला नाही, कारण त्याला विचारणारा फक्त महाराज होता. आणि तोच अर्थमंत्री झाल्यावर मुंबईच्या धनिकांना अंगावर घेऊ शकला, कारण तेव्हा त्याला विचारणारे बेळगावचे मतदार होते, सभागृह होते आणि न्यायालयही होते. माणसाची बुद्धी आणि सचोटी तिन्ही ठिकाणी एकच होती. समोर जाब विचारायला कोण उभे आहे, ते प्रत्येक वेळी बदलले.

म्हणून पुढच्या वेळी निगम-मंडळाच्या अध्यक्षांची यादी निघेल तेव्हा नावे वाचून थांबू नये. या साहेबांनी वर्षाकाठी हिशेब कोणापुढे मांडायचा आहे, तो हिशेब छापला जातो का, आणि छापला तर कोणत्या भाषेत, एवढे तरी आपण विचारावे. दोन भाषांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न दोन्ही भाषांत विचारता येतो. लठ्ठे यांना तो विचारणारे मुंबईत भेटले. आपल्याकडच्या साहेबांना विचारणारे आपणच आहोत.